सुखाच्या वाटेतील धोंडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी हिंगणी येथे झालेले भाषण)



आज मंडळाचा वाढदिवस. अशा मंगल दिवशी चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. चिटणीसबाईंनी मला विषय लिहून पाठवला तो असा : ‘अडचणींवर मात करून सुख आणि यश कसे मिळवावे?’ विषय वाचला आणि मनात म्हटले, हे मला ठाऊक असते तर मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवीत कशाला बसले असते! पण चिटणीसबाईंचा शब्द मोडता येत नाही. म्हणून जे पाहिले, जे वाचले आणि जे भोगले, त्यातून सुचेल ते सांगते. गोड मानून घ्या.

या विषयावर सांगणारे आजकाल पुष्कळ आहेत. मोबाइल उघडला की कोणीतरी सांगतच असतो, मन घट्ट करा, जिद्द धरा, हसत राहा, म्हणजे सगळे होईल. त्यांचे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. जिद्द लागतेच. पण माझ्या मते ते अर्धेच सांगतात. वाटेत धोंडा पडला असेल तर तो ओलांडायला पाय घट्ट हवेत, हे खरे. परंतु तो धोंडा तिथे आला कसा, हेही एकदा पाहायला नको का? काही धोंडे डोंगरावरून गडगडत येतात. पाऊस दगा देतो, कपाशीवर बोंडअळी येते, घरातले माणूस आजारी पडते. त्यांच्यापुढे कोणाचे चालत नाही. पण काही धोंडे माणसांनी उचलून आणून ठेवलेले असतात. ते ज्यांनी ठेवले त्यांनाच उचलता येतात. वाटसरू बिचारी किती उंच उड्या मारणार?

हे मी दोन बायांच्या गोष्टीवरून सांगणार आहे. दोघीही आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. एक लांबची, एक जवळची.

लांबची जी आहे तिच्या गावाचे नाव ऐकून तुम्हाला आपले गाव आठवेल. आपली ही हिंगणी, बोर नदीकाठची, आणि तिकडे पुण्याजवळ आहे ते हिंगणे. नावात एका मात्रेचाच काय तो फरक! धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली विधवा स्त्रियांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. कर्वे कॉलेजात शिकवीत आणि काम आटोपले की हिंगण्याची वाट पायी तुडवीत. या आश्रमाला ज्यांनी आपले सारे आयुष्य दिले, त्यांत कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले यांचे नाव अगदी वरचे आहे.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 सालचा, कोकणात देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झाले, विसाव्या वर्षी कुंकू पुसले गेले. पदरात एक लहानगा मुलगा. त्या काळच्या त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे डोक्यावरून वस्तरा फिरला, अंगावर लाल आलवण आले, आणि माहेरच्या स्वयंपाकघरात त्यांची जागा ठरून गेली. शिक्षण म्हणाल तर अक्षरओळखही नाही. आपण म्हणतो ना, संपले आता! त्यांच्याही बाबतीत सगळ्यांनी तसेच धरले होते.

पण त्यांची बहीण गोदूबाई हीही बालविधवा. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि 1893 साली तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला. गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, नातलगांनी तोंडे फिरवली. त्याच बहिणीच्या घराचे दार पार्वतीबाईंसाठी उघडले. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्या पुण्यास आल्या आणि पंचविशी उलटल्यावर त्यांनी पाटीवर पहिला ‘अ’ गिरवला. बाई, ज्या वयात मुलाला ‘अ’ शिकवायचा त्या वयात स्वतः गिरवायचा, म्हणजे काय होत असेल मनाचे! मी तीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवली. सहा वर्षांच्या पोरालासुद्धा आपले अक्षर वाकडे आले की पाटी लपवावीशी वाटते. मग मोठ्या बाईला किती लाज वाटली असेल, याचा विचार करा. पण त्यांनी पाटी टाकली नाही.

शिकून त्या आश्रमाच्या कामाला लागल्या. पुढे आश्रमासाठी पैसे गोळा करायला गावोगाव हिंडल्या. ज्या बाईने परपुरुषासमोर मान वर करू नये असा दंडक, ती सभेत उभी राहून भाषणे करू लागली. चाळिशी उलटल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वपन बंद केले आणि डोक्यावर केस राखले. आजच्या मुलींना यात काही वाटणार नाही. त्या वेळी मात्र ती फार मोठी गोष्ट होती. लोकांनी नावे ठेवली. या वयात नटायला निघाली, असेही म्हणणारे निघाले. त्या नटायला निघाल्या नव्हत्या. जे वाईट आहे असे दुसरीला सांगायचे, ते आपण तरी कशाला पाळावे, एवढाच त्यांचा विचार होता.

इंग्रजीची त्यांना फार हौस आणि तेवढीच तिची अडचण. अनेकदा सुरुवात केली, अनेकदा सुटले. शेवटी 1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या थेट अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले, भांडी घासली, आणि इंग्रजी शिकत शिकत आश्रमासाठी मदत मागितली. 1920 साली परत आल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. पुढे 1928 साली त्यांनी ‘माझी कहाणी’ म्हणून आपले आत्मचरित्र लिहिले. ज्या बाईला पंचविशीपर्यंत सही येत नव्हती, तिचे पुस्तक झाले, आणि परदेशातल्या लोकांनी वाचावे म्हणून त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

आता जवळची गोष्ट. आपल्या नागपूरची. कमलाताई होस्पेट हे नाव तुमच्यापैकी वडीलधाऱ्या बायकांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म 1896 चा, म्हणजे ज्या वर्षी तिकडे कर्व्यांचा आश्रम निघाला त्याच वर्षीचा. बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी वैधव्य. पंधरावे वर्ष म्हणजे आपल्या मुली नववी-दहावीत असतात, दोन वेण्या घालून सायकलने शाळेत जातात, ते वय. त्या वयात कमलाताईंचे आयुष्य संपले असे लोकांनी ठरवून टाकले.

त्यांनी मात्र परिचारिकेचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेतले. त्या काळी हे काम चांगल्या घरच्या बाईचे नाही असे मानीत. रक्त, विटाळ, कोणत्याही जातीच्या बाईला हात लावणे, रात्री-अपरात्री बाहेर जाणे. सगळेच नको ते! पण बाळंतपणात बाया मरत होत्या आणि त्यांना हात देणारे शहाणे माणूस कोणीतरी हवे होते. 1921 साली कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्या साथीने नागपूरला सीताबर्डीवर मातृसेवा संघ सुरू केला. आरंभी खाटा किती? चार! चार खाटांचे ते प्रसूतिगृह. त्याचा पुढे केवढा वृक्ष झाला, त्याच्या शाखा विदर्भात आणि बाहेरही कशा पसरल्या, हे सांगायला वेळ पुरणार नाही. 1961 साली सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. पण मला त्या पदवीपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. ज्या बाईला लोक शुभकार्यात समोर येऊ देत नव्हते, तिच्या हातात हजारो बाळांनी पहिला श्वास घेतला. याहून शुभ ते काय असते हो?

आता या दोघींकडून आपण काय घ्यायचे ते पाहू.

पहिली गोष्ट अशी की, मन घट्ट झाल्यावर मग काम सुरू करू, असे यांनी म्हटले नाही. काम सुरू केले आणि कामाने मन घट्ट झाले. मोठा संकल्प करून बसण्यापेक्षा हाताशी जे लहान होते ते धरले. एकीने पाटी धरली, दुसरीने सुईणीची पिशवी. आपल्या बचत गटाच्या बायांना हे सांगायला नको. पहिल्या महिन्याला शंभर रुपये टाकताना हात कापतो. पुढे त्याच बाया बँकेच्या साहेबाला ‘कर्ज का अडवले?’ म्हणून विचारतात.

दुसरी गोष्ट, यांच्यापैकी कोणीही एकटी उभी राहिली नाही. पार्वतीबाईंना बहीण होती, मेव्हणे होते. कमलाताईंना वेणूताई होत्या. ‘अमुक बाई स्वतःच्या हिमतीवर वर आली,’ असे आपण कौतुकाने म्हणतो. पण नीट चौकशी करा, कोणीतरी एकाने एक दार उघडे ठेवलेले असते.

तिसरी गोष्ट सुखाची. या बायांना सुख कशात सापडले? गेलेले परत आले नाही. ते दुःख त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिलेच असेल. पण आपल्या हातून दुसऱ्याचे काही भले होते आहे, आपण कोणाला तरी हव्या आहोत, हे ज्या माणसाला कळते त्याची रात्रीची झोप निराळी असते. यालाच मी सुख म्हणते. यश म्हणजे शेजारणीपेक्षा दोन मजले जास्त, असे मी मानत नाही.

आता मी सुरुवातीला म्हटले त्या धोंड्यांकडे वळते. पार्वतीबाईंच्या वाटेत मृत्यूने जो धोंडा टाकला, तो देवाघरचा. पण डोक्यावरून वस्तरा कोणी फिरवला? तो काही आभाळातून पडला नाही. तो माणसाच्या हातात होता. या वस्तऱ्याची एक हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईत न्हावी बांधवांची सभा भरवली. विधवांचे केस आपण कापणार नाही, असे त्या बांधवांनी ठरवले. धनवान नव्हते, शास्त्री-पंडित नव्हते. हातावर पोट असलेली माणसे होती. चार पैशांवर पाणी सोडून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. बाई, ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, हे मला त्या काळातल्या मोठमोठ्या व्याख्यानांपेक्षा मोठे वाटते.

कोणी म्हणेल, हे वपनबिपन आमच्यात कधीच नव्हते. अगदी खरे. आपल्या गावातल्या पुष्कळ समाजांत केस काढण्याची चाल नव्हती. नवरा गेला तर पाट लावण्याची मोकळीक होती. शेतात राबणाऱ्या बाईला घरात कोंडून चालतही नव्हते. पण मग बांगड्या कोणी फोडल्या? मळवट भरून मग कुंकू पुसायचे, जोडवी काढायची, हे कोण करते? लग्नात हळद लावायच्या वेळी ‘तू जरा मागे हो’ असे हळूच कोण सांगते? पुरुष सांगत नाहीत. पुरुषांना ठाऊकही नसते कोणती सुपारी कोणी ठेवायची ते. हे आपण बायकाच करतो. तेव्हा वस्तरा न्हाव्याच्या हातात होता. कुंकवाचा करंडा आपल्या हातात आहे.

आपल्या आसपासची एक बाई मी पाहिली आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. नवरा गेला तेव्हा पोटी दोन लेकी, पाच एकर कोरडवाहू वावर आणि डोक्यावर कर्ज. बोरच्या जंगलाकडचे वावर. रात्री रानडुकरे आणि रोही पीक उभे राहू देत नाहीत. जागलीला कोण जाणार? भाऊबंद म्हणाले, वावर ठेक्याने दे आणि घरी बस. तिने नाही म्हटले. म्हाताऱ्या सासऱ्याला सोबत घेऊन मचाणावर बसली. बियाणे कोणते, फवारा किती, हे कृषी केंद्रात उभी राहून विचारून घेतले. कपाशीची गाडी घेऊन स्वतः सेलूला गेली, काट्यावर डोळे ठेवून माप करून घेतले. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी गप्प बसले, चौथ्या वर्षी तिला भाव विचारायला येऊ लागले. कर्ज फिटले. दोन्ही लेकी शिकल्या.

मोठीचे लग्न ठरले. मांडव तिच्या पैशाचा, दागिना तिच्या कपाशीचा. हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी बोलावल्या आणि ती लेकीची आई कोठीघराच्या दाराआड उभी राहून पाहत होती. कोणी तिला हाकलले नव्हते. ती आपण होऊनच मागे सरली होती, कारण मागे सरायचे हे तिला न सांगता कळत होते. रानडुकरांना जी भ्याली नाही, व्यापाऱ्याला भ्याली नाही, ती लेकीच्या हळदीला भ्याली. आता सांगा, या बाईला मी ‘जिद्द धरा’ म्हणून काय सांगू? जिद्द तिने आपल्याला शिकवावी. तिच्या वाटेत उरलेला तो एक धोंडा तिला उचलण्यासारखा नाही. तो आपणच ठेवलेला आहे.

थोडे स्वतःविषयी बोलते. बोलू की नको असा विचार करूनच बोलते. तुम्हाला ठाऊकच आहे, मीही याच रांगेतली. शाळा होती, मुले होती, म्हणून दिवस गेले आणि बरे गेले. माझी काही तक्रार नाही. आज मंडळाने मला मानाने खुर्ची दिली, गुलाबाचे फूल दिले. पण बायांनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप माझ्या दारावरून पुढे जातो, तो आज किती वर्षे झाली! निरोप न देणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नाही, हे मी जाणते. बाईंना वाईट वाटेल म्हणून बोलवत नाही, असे तुम्हीच मला कितीदा सांगितले आहे. वाईट वाटू नये म्हणून वगळता. पण वगळल्याने वाईट वाटते, हे तुम्हाला कोणीतरी सांगायलाच हवे होते. इतरजणी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या मनात येईल की, रीत मोडली तर अपशकुन होईल. त्यांचा मी अनादर करीत नाही. त्यांनीही सोसलेलेच आहे. त्यांना मी दोन नावे विचारते. शहाजीराजे 1664 साली वारले. 1674 साली रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊसाहेब दहा वर्षे वैधव्यात होत्या. महाराष्ट्रातला सगळ्यांत मंगल दिवस तो! त्या दिवशी महाराजांनी आईला दाराआड उभे केले असेल का? दुसरे नाव अहिल्याबाई होळकर. त्या 1754 साली विधवा झाल्या आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी राज्य चालवले, देशभर घाट आणि देवळे बांधली. त्या घाटांवर जाऊन आपण पुण्याची आंघोळ करतो. पण अहिल्याबाई आज आपल्या गल्लीत राहत असत्या, तर त्यांना हळदीकुंकवाचा निरोप गेला नसता! हे हसण्यासारखे आहे, आणि हसून झाले की विचार करण्यासारखे आहे.

हे मी काही जगावेगळे सांगते आहे असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला की, पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. नुसता ठराव कागदावर झाला म्हणजे सगळे झाले, असे मी म्हणणार नाही. कागद कपाटात राहतो आणि रीत घरात राहते. ग्रामसभेला जे जड जाते ते महिला मंडळाला सोपे आहे, कारण घराच्या आतल्या खोलीपर्यंत आपलाच पाय पोचतो.

म्हणून वाढदिवसाच्या दिवशी मंडळाजवळ मी तीन गोष्टी मागते. वाढदिवसाला देणगी द्यायची असते. मी मागते आहे, तेवढे चालवून घ्या.

एक. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचा निरोप घराला द्या; सवाष्ण कोण आणि कोण नाही हे मोजू नका. घरातली प्रत्येक बाई यावी, प्रत्येकीला तिळगूळ, प्रत्येकीला वाण. कुंकू लावायचे की नाही ते जिचे तिने ठरवावे. कोणाला लावून घ्यायला संकोच वाटला तर आग्रह करू नये. जुलमाने पुसणे जसे वाईट तसे जुलमाने लावणेही वाईटच. पण बोलावणे मात्र सगळ्यांना जावे.

दोन. एखाद्या घरी असा प्रसंग आला की मंडळाच्या चार जाणत्या बायांनी तिथे जावे आणि गर्दीत त्या बाईच्या हातावर दगड येऊ देऊ नये. आणि रडणे ओसरल्यावर दुसरे काम करावे, ते कागदाचे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत व्हावी लागते. शेताला वारस लागल्याची खबर तीन महिन्यांच्या आत ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्याकडे द्यायची असते. कायद्याने पतीच्या मिळकतीत पत्नीचा वाटा मुलांबरोबरीचा आहे. पण सातबारावर नाव चढले नाही, तर पुढे बँक तिला उभी करीत नाही आणि सरकारी मदतीचे दारही बंद होते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोठे आणि कसा करायचा हे दुःखातल्या बाईला कोण सांगणार? आपल्या मंडळात लिहिता-वाचता येणाऱ्या पुष्कळ मुली आहेत. हे काम त्यांनी घ्यावे. पार्वतीबाईंना जसे एक दार उघडे मिळाले, तसे हे आपले उघडे दार.

तीन. लेकीच्या किंवा लेकाच्या लग्नात पहिली हळद आईने लावावी. मग ती सवाष्ण असो वा नसो. जिने नऊ महिने वाढवले तिचा हात अशुभ कसा होईल? एका लग्नात हे झाले की दुसऱ्या लग्नात कोणी विचारणार नाही. आपल्याकडे रीत मोडायला एक माणूस लागते आणि नवी रीत पडायला दोन लग्ने पुरतात.

माझ्या स्वतःच्या रांगेतल्या बहिणींना शेवटी दोन शब्द सांगते. मंडळाने बोलावले तर या. दाराशी थबकू नका, मागच्या रांगेत बसू नका. सगळ्यांनी धोंडा उचलायचा आणि आपण मात्र तिथेच उभे राहायचे, असे होऊ नये. आपल्या वाट्याचे पाऊल आपल्यालाच टाकावे लागते. ज्याला जे जमेल ते धरा. शिवणयंत्र धरा, गटाची वही धरा, वावर धरा, नाही तर नातवंडांबरोबर पाटी धरा. दुःख काही जाणार नाही. ते एका बाजूला बसून राहील आणि दुसऱ्या बाजूला तुमचे काम वाढत जाईल. काही वर्षांनी पाहाल तर कामाची बाजू मोठी झालेली असेल.

भगिनींनो, बोलता बोलता वेळ फार घेतला. चहा निवतो आहे आणि लहान मुली नाचाची तयारी करून केव्हाच्या ताटकळल्या आहेत. मंडळाला उदंड आयुष्य लाभो, आपल्या सर्वांच्या घरी धान्य आणि मनी समाधान असो. संक्रांत काही फार लांब नाही. या वर्षी निरोपाची वाट पाहत मी दार उघडे ठेवणार आहे. माझ्यासारख्या आणखीही काही घरांची दारे उघडी असतील, तिकडेही वळा.